प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स (१९८७): डेल ग्रिफिथ तुम्हाला नेमका कुठे आवडायला लागला?

सांजवेळ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१२

अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की हा पिक्चर मी लावतेच आणि दरवर्षी वाटतं की यावर मराठीत कोणीतरी बोलायला हवं, म्हणून शेवटी मीच धागा काढतेय. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, त्यामुळे बघितला नसेल त्यांनी आधी बघून या, दीड तासाचा तर आहे.

ज्यांना नीट आठवत नाहीये त्यांच्यासाठी: नील पेज म्हणजे स्टीव्ह मार्टिन, न्यूयॉर्कला मीटिंगसाठी आलेला जाहिरातवाला, घर शिकागोला, सण दोन दिवसांवर आलाय. डेल ग्रिफिथ म्हणजे जॉन कँडी, हा बाथरूमच्या पडद्याच्या कड्या विकतो, भलीमोठी ट्रंक घेऊन गावोगाव फिरतो आणि त्याचं तोंड क्षणभर बंद नसतं. बर्फामुळे विमान शिकागोऐवजी कॅन्ससमधल्या विचिटाला उतरतं आणि दोन-अडीच तासांचा प्रवास मग ट्रक, ट्रेन, बस, भाड्याची गाडी असं करत करत दोन दिवसांवर जातो.

आता मुद्द्यावर येते. बहुतेक जण म्हणतात की नील बिचारा आणि डेल म्हणजे त्याच्या डोक्याला ताप, आणि शेवटी डेलची बायको आठ वर्षांपूर्वीच गेलीये हे कळल्यावर आपल्याला एकदम त्याची दया येते. मला हे पटत नाही. दिग्दर्शक जॉन ह्यूजने डेलबद्दलचं सगळं आपल्याला पहिल्या अर्ध्या तासापासून दाखवलेलं आहे, ती ट्रंक, मोटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या पलंगाशेजारी मांडलेला बायकोचा, मेरीचा फ्रेम केलेला फोटो, बोलता बोलता निघून गेलेलं 'बरीच वर्षं घरी गेलो नाहीये', सगळं समोर असतं आणि आपण नीलसारखेच त्याच्या बडबडीला वैतागलेले असतो म्हणून आपलं लक्षच जात नाही.

आणि विचिटाच्या मोटेलमधला तो सीन. एकच खोली, एकच पलंग, बिअरचे कॅन फुटून गादी ओली झालेली, डेल नाक साफ करायचे चित्रविचित्र आवाज काढतोय आणि नीलचा बांध फुटतो. तो एक एक वाक्य मोजून मापून मारतो, तुझ्या गोष्टींना शेंडाबुडखा नसतो, गोष्ट सांगायची तर त्यात काहीतरी मुद्दा असावा, ऐकणाऱ्याला बरं पडतं वगैरे. सुरुवातीला आपण हसतो कारण मार्टिन ते अफलातून करतो. मग कॅमेरा कँडीच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच थांबतो, आणि आपलं हसणं अडकतं. त्यावर डेलचं उत्तर असं की मी बोलतो जास्त हे मला माहितीये, पण मी ऐकतोही जास्त, मी तुझ्यासारखा कोरडा होऊ शकलो असतो पण मला कोणाला दुखवायला आवडत नाही, मी मला आवडतो, माझ्या बायकोला आवडतो, माझ्या गिऱ्हाइकांना आवडतो. आवाज चढवत नाही, रडतही नाही. माझ्या मते सगळा पिक्चर या दोन मिनिटांवर उभा आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

मनीमाऊ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

किती छान लिहिलंयस सांजवेळ! मला ना तो सकाळचा सीन आवडतो, दोघं झोपेत एकमेकांना बिलगून झोपलेत आणि डेल म्हणतो माझा हात दोन उश्यांच्या मध्ये आहे, आणि मग दोघंही ताडकन उठून एकदम फुटबॉलच्या मॅचवर बोलायला लागतात. मी आणि माझा भाऊ अजूनही त्यावर खिदळतो.

मुलांबरोबर बघता येईल का पण? लेक १२ वर्षांची आहे.

---

सांजवेळ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५८

मनीमाऊ, एक सीन सोडला तर अगदी बिनधास्त. सेंट लुईसला गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर नील मिनिटभरात तीच एक शिवी दीडेक डझन वेळा वापरतो आणि अमेरिकेत पिक्चरला 'आर' (म्हणजे मोठ्यांसाठीचं) सर्टिफिकेट मिळालं ते जवळजवळ त्या एका सीनपायी. पण त्याच्या आधीचं बघ, गाडी लावलेली असते त्या जागेवर बस त्याला सोडून निघून जाते, गाडी तिथे नाहीच, करारपत्र त्याने रागात फेकून दिलंय, आणि तो चिखल-बर्फातून हायवे ओलांडत विमानाच्या धावपट्टीवरून चालत परत येतो. आणि समोर ती काउंटरवाली फोनवर कोणाशी तरी सणाच्या जेवणाबद्दल गोड हसत बोलतेय. इडी मॅक्लर्गने काय केलंय ते काम! तुझ्या लेकीला तेवढं पुढे ढकलून दाखव.

---

गोदाकाठ | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

लेख आवडला पण मी असहमत. पिक्चर मजेशीर आहे यात वाद नाही पण डेलला आपण फार सहज माफ करतो. हिशोब मांडून बघा. सिगारेटच्या थोटकाने गाडी जाळतो, ती गाडी भाड्याने घेतलीये ती नीलच्या डायनर्स क्लब कार्डावर, हायवेवर उलट्या बाजूने चालवून दोन ट्रकच्या मधून नेतो, दोघंही मेले असते. आणि एवढं सगळं झाल्यावर बायको वारलीये म्हटलं की सगळं माफ? शेवटी एक दुःखाचं कारण देऊन प्रेक्षकाचं तोंड बंद करायचं ही जुनी युक्ती आहे, आपल्याकडच्या पिक्चरांत रोज बघतो. सांजवेळताई, रेल्वेत असा माणूस शेजारी आला तर तुम्ही काय कराल ते खरं सांगा.

---

खिडकीची_जागा | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गोदाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर देते कारण असा माणूस आमच्या घरातच होता. माझे बाबा कडी-कोयंडे आणि बिजागऱ्यांची सॅम्पलं घेऊन खानदेश-विदर्भ फिरायचे, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. एसटीत शेजारच्याशी बोलायला लागले की उतरेपर्यंत त्याच्या मुलीचं लग्न कुठे जमतंय इथपर्यंत त्यांना माहिती असायचं. लहानपणी मला भयंकर लाज वाटायची. पण जळगावला रात्री दोनला बस बंद पडली तरी बाबांना झोपायला जागा मिळायची कारण कुठल्यातरी लॉजवाल्याला कधीतरी त्यांनी माल दिलेला असायचा आणि त्याच्या मुलाची दहावी त्यांच्या लक्षात असायची.

डेल अगदी तसाच आहे. विचिटात अख्खं एअरपोर्ट अडकलंय, एकाही हॉटेलात खोली नाही, आणि खोली मिळते ती डेलला, कारण मोटेलवाल्याला त्याने कड्या विकल्यात. टॅक्सीवाला त्याच्या ओळखीचा. नीलकडे पैसा आहे, फर्स्ट क्लासचं तिकीट आहे, सूट आहे आणि यातलं एकही कामाला येत नाही.

आणि सेंट लुईसला पैसे संपल्यावर तो त्याच कड्या कानातल्या रिंगा म्हणून बसस्टँडवर विकतो ते बघा. एका बाईला सांगतो हे झेकोस्लोव्हाकियाचं हस्तिदंत आहे, दुसरीला सांगतो आत हेलियम भरलंय म्हणून इतक्या हलक्या लागतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेहरा बघून वेगळी गोष्ट. ते बोलणं त्याचं हत्यार आहे हो, रोजीरोटी आहे ती. घरी आल्यावर ते बटण बंद होत नाही एवढंच.

---

आबा_सातारकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

वरच्या प्रतिसादाला +१००. बाळ, वडिलांबद्दल अजून लिही, वेगळा धागा काढ.

मी हा पिक्चर नव्वदच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आणून पाहिला होता, थँक्सगिव्हिंग म्हणजे काय हेही तेव्हा ठाऊक नव्हतं, पण सणाला घरी पोचायचंय आणि गाडी मिळत नाहीये हे समजायला कोणाची गरज लागली नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री स्वारगेटला उभं राहिलेल्या कोणालाही समजेल.

---

शिकागोची_थंडी | २४ नोव्हेंबर, रात्री ८:२० (इथे सकाळ)

इथे राहून काही वर्षं झाली म्हणून थोडी भूगोलाची भर. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं आणि आदल्या दिवशीची गर्दी खरंच अशी असते. पिक्चरही १९८७ साली बरोबर आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला रिलीज केला होता. विचिटा ते शिकागो रस्त्याने अकराशे किलोमीटरच्या वर पडतं, म्हणजे एका दमात गाडी हाणली तरी अख्खा दिवस जातो, आणि हे तर आधी ट्रकच्या उघड्या हौद्यात कुडकुडत जातात. ट्रक त्यांना सोडतो ते स्टबव्हिल रेल्वे स्टेशन काल्पनिक आहे बरं का, त्याचं शूटिंग न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात झालंय. विचिटाचं म्हणून दाखवलेलं मोटेल तर शिकागोच्याच दक्षिणेला ब्रेडवूड नावाच्या गावातलं आहे, मोटेलचं पिक्चरमधलं नावही ब्रेडवूड इन.

एक गंमत सांगतो. नीलचं म्हणून जे घर दाखवलंय ते केनिलवर्थमध्ये आहे, शिकागोच्या उत्तरेला तळ्याकाठचा एकदम श्रीमंत भाग. पण शेवटी नील ज्या 'एल' ट्रेनने, म्हणजे शिकागोच्या लोकलने, घरी निघतो ती तिथपर्यंत जातच नाही. आजची पर्पल लाइन अलीकडच्या विल्मेटला लिंडन स्टेशनवर संपते. म्हणजे पुढचं चालतच जायचं. दोघं एकेका बाजूने कडी धरून ती ट्रंक रस्त्याने नेतात तो शॉट मला त्यामुळे फार खरा वाटतो, मी त्या भागात हिवाळ्यात चाललोय, वारा तोंड फोडतो अक्षरशः.

---

पटकथावेडा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

गोदाकाठ यांच्या 'जुनी युक्ती' या मुद्द्यावर लिहायचंय, जरा लांबेल.

ह्यूज आधी जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर होता आणि न्यूयॉर्कहून शिकागोला येताना त्याचं स्वतःचं विमान असंच विचिटाला नेऊन उतरवलं होतं, तिथून गोष्ट सुचली. शूटिंग त्याने प्रचंड केलं, पहिला कट तीन तासांच्या वर होता, त्यातून हा ९३ मिनिटांचा पिक्चर काढला. २०२२ ला ४के डिस्क आली त्यात तासाभराहून जास्त कापलेलं फुटेज दिलंय. कापलेल्या भागात नीलच्या बायकोचं एक उपकथानक होतं, तिला संशय येतो की डेल वगैरे कोणी नाहीच, नवरा थापा मारतोय. शेवटी दारात डेलला बघून तिच्या डोळ्यात एवढं पाणी का येतं ते त्यावरून कळतं, आता ते पाणी थोडं अधांतरी वाटतं.

पण महत्त्वाचा बदल शेवटाचा. आधी लिहिलेल्या शेवटात निरोप घेतल्यावरही डेल नीलच्या मागे मागे येत राहतो आणि मग आपली हकिकत सांगतो. ते जमत नव्हतं. मग ह्यूज आणि एडिटर पॉल हर्श यांनी ट्रेनमधल्या मार्टिनचे असे तुकडे वापरले ज्यात तो दोन टेकच्या मध्ये स्वतःशीच विचार करत बसलाय आणि कॅमेरा चालू आहे हे त्याला माहितीच नाही. तेच आपण बघतो, नील एकटा बसलाय, आधी प्रवासातल्या गमती आठवून हसतो, मग डेलची एक एक वाक्यं आठवतात आणि चेहरा बदलत जातो. कोणी त्याला काही सांगितलेलं नाही. तो स्वतः जोडतो आणि स्वतः गाडी बदलून उलटा येतो.

म्हणून ही युक्ती नाही असं माझं ठाम मत आहे. युक्ती म्हणजे डेलने आपली कहाणी सांगून दया मागणं, आणि ते नेमकं एडिटिंगला काढून टाकलंय. स्टेशनवर नील विचारतो तेव्हाच तो सांगतो, तेही तीन-चार वाक्यांत.

---

सांजवेळ | २४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पटकथावेडा, काय सुंदर माहिती! मार्टिनच्या त्या चेहऱ्यात काहीतरी न केलेलं आहे असं मला नेहमी वाटायचं.

गोदाकाठ, गाडी जाळली हे खरंच. पण पिक्चर त्याला माफ करतो कुठे? ती रात्र आठवा. मोटेलवाल्याला नीलने सतरा डॉलर आणि हातातलं भारी घड्याळ देऊन खोली मिळवलीये, डेलकडे दोन डॉलर आणि कॅसिओ, त्याला मोटेलवाला बाहेर काढतो. मग तो जळक्या, छप्पर नसलेल्या गाडीत बसतो, अंगावर बर्फ पडतोय आणि मेरीशी बोलतोय, की तू म्हणायचीस ते बरोबर आहे, मला कोणी आवडलं की मी त्याला गुदमरवून टाकतो. स्वतःचा दोष त्याच्याइतका स्पष्ट कोणीच बोलत नाही. आणि पुढे म्हणतो तू इथे असायला हवी होतीस, पण ते आता काही होणार नाही. पहिल्यांदा बघताना आपल्याला वाटतं ती घरी आहे आणि हा लांब अडकलाय म्हणून म्हणतोय.

मग नील त्याला आत बोलावतो. दोघं छोट्या छोट्या बाटल्या उघडून पीत बसतात, गाडी जळाली त्यावर पोट धरून हसतात, आणि ग्लास उंचावतात तो बायकांच्या नावाने. दुसऱ्यांदा बघताना मला तो सीन बसून बघवला नव्हता.

---

चिंचोका | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१०

एवढे प्रतिसाद आणि अन्बे शिवमचं नाव कोणीच कसं काढलं नाही? २००३ चा तमिळ पिक्चर, कमल हासनची पटकथा, सुंदर सी. चं दिग्दर्शन. भुवनेश्वर एअरपोर्टला पावसामुळे विमानं रद्द आणि माधवन आणि कमल हासन एकत्र चेन्नईला निघतात. माधवन जाहिराती बनवणारा, नीलसारखाच, स्वतःच्या लग्नाला निघालाय. कमल हासन म्हणजे चेहऱ्यावर अपघाताच्या खुणा असलेला कम्युनिस्ट कार्यकर्ता. सुरुवातीची ठेवण सरळ याच पिक्चरची आहे, पण मधला मोठा भाग फ्लॅशबॅकचा, कामगार, युनियन, मालक, पथनाट्य, म्हणजे गोष्ट पूर्णपणे स्वतःची होते. मला तर तो जास्त आवडतो. ह्यूजच्या पिक्चरमध्ये दोघांत भांडण आहे ते स्वभावाचं, इथे विचारांचं आहे, आणि दोन्ही माणसं एकमेकांना खोडून काढत जातात तरी सोडत नाहीत. तेव्हा थेटरात चालला नाही, आता लोक डोक्यावर घेतात.

---

पटकथावेडा | २५ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

चिंचोका, अन्बे शिवम प्रचंड आवडता. पण कमल हासनचं पात्र फार शहाणं आहे, प्रत्येक वेळी शेवटचा शब्द त्याचा. डेल चुकतो, खूप चुकतो, आणि तरी त्याला जवळ करावंसं वाटतं हे मला लिहायला जास्त अवघड वाटतं. २०१० चा ड्यू डेटही याच साच्यातला, पण त्यात जोडीदार इतका बेजबाबदार करून ठेवलाय की जीव गुंततच नाही. डेल बेजबाबदार नाहीये हो, पैसे चोरीला जातात त्या सकाळचं बघा. नील त्याच्यावर संशय घेतो तेव्हा तो आपलं पाकीट पुढे करतो आणि त्यात किती डॉलर असायला हवेत तो आकडा सांगतो, त्याहून एक जास्त निघाला तर मी चोर. पाकीट उघडतात तर तेही रिकामं.

---

आबा_सातारकर | २५ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४०

जॉन कँडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॅनडाचा माणूस, ४ मार्च १९९४ ला मेक्सिकोत शूटिंग चालू असताना झोपेतच गेला, वय अवघं ४३. त्याचे वडीलही तो लहान असतानाच हृदयविकाराने गेले होते. २०२५ मध्ये त्याच्यावर एक माहितीपट आला, कॉलिन हँक्सने केलेला, प्राइमवर आहे, आणि त्याचं नाव डेलच्याच त्या वाक्यावरून ठेवलंय, 'मी मला आवडतो'. इतक्या पिक्चरांतून नेमकं तेच वाक्य निवडावंसं वाटलं, यावरून सांजवेळचं म्हणणं योग्य आहे असं मला वाटतं. जरूर बघा सगळ्यांनी.

---

गोदाकाठ | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

एडिटिंगचा मुद्दा पटला, तो नील स्वतः परत फिरतो हा फरक मोठा आहे. गाडीचं मी सोडत नाही. आणि एक गोष्ट अजून खटकते, गेलेल्या बायकोबद्दल दोन दिवस जिवंत असल्यासारखं बोलायचं, हे समोरच्याला फसवणंच झालं ना? कोणी साधा माणूस असं करतो का?

---

खिडकीची_जागा | २५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

करतो. आई गेल्यावर बाबा अजून सहा-सात वर्षं फिरतीवर होते. दुकानदाराने जेवायला थांबा म्हटलं की म्हणायचे 'नको, घरी वाट बघत असतील'. घरी कोणीच नसायचं, मी तेव्हा पुण्यात होस्टेलला. मला हे त्यांच्या एका गिऱ्हाइकाने नंतर सांगितलं. मला ते फसवणं वाटलं नाही, फक्त वाटलं की मी सुट्टीत जास्त वेळा घरी जायला हवं होतं.

---

गोदाकाठ | २५ नोव्हेंबर, रात्री १०:०५

ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. नमस्कार सांगा बाबांना, असतील तर.

---

खिडकीची_जागा | २५ नोव्हेंबर, रात्री १०:११

आहेत हो, ८१ वर्षांचे. आत्ता शेजारच्या जोशीकाकूंना बिजागरी कशी ओळखायची ते सांगतायत. कळवते.

---

मनीमाऊ | २५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

काय धागा झालाय हा!! शनिवारी सगळ्यांनी एकाच वेळी लावायचा का? भारतात रात्री साडेआठ म्हणजे शिकागोला सकाळचे नऊ, शिकागोची_थंडी यांना चालेल का? आणि सांजवेळ, तो काउंटरचा सीन साधारण कितव्या मिनिटाला येतो ते सांगून ठेव, रिमोट हातात घेऊन बसते.

---

शिकागोची_थंडी | २५ नोव्हेंबर, रात्री १०:४४

चालेल की, सुट्टीच आहे. चहा घेऊन बसतो.

---

सांजवेळ | २५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

शनिवार पक्का. मनीमाऊ, सेंट लुईसला कड्या विकून झाल्या आणि दोघं एकमेकांचा निरोप घेऊन वेगळे झाले की रिमोट उचल, बसमधून नील पार्किंगला उतरला की पुढचे काउंटरचे दोन-तीन मिनिट ढकल. त्याच्या आधीचं, सेंट लुईसला येतानाच्या बसमधलं गाणं मात्र ढकलू नकोस. नील मोठ्या हौसेने एक जुनं गाणं सुरू करतो आणि अख्खी बस गप्प, कोणालाच ते येत नाही, मग डेल फ्लिंटस्टोन्स या कार्टूनचं सुरू करतो आणि सगळे तारस्वरात गायला लागतात. लेकीला तो सीन नक्की आवडेल.